मासिक पाळी आणि बाकीचे पंचवीस दिवस

तुये गावात सरकारी इस्पितळ आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि मुलींना शिकण्याची सोय आहे. पेडणे तालुक्यातील पुष्कळ गावांच्या मानाने येथील स्त्रीला उपचार आणि कमाई ही दोन्ही जवळ आहेत. तरीही इस्पितळाची पायरी चढणारी स्त्री बहुधा सांगते ते एवढेच, की अशक्तपणा वाटतो, पाय ओढतात, जिना चढताना धाप लागते. पाळीचा विषय ती आपण होऊन काढत नाही. डॉक्टरांनी विचारलेच तर "तशी ठीक आहे" असे उत्तर येते. अंगावर किती जाते, किती दिवस जाते, पूर्वीपेक्षा जास्त जाते काय, याचा हिशेब तिने कधी ठेवलेला नसतो. तो ठेवावयाचा असतो हे तिला कोणी सांगितलेलेही नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ३९ स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळून आला. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण शेकडा ३१ च्या आसपास होते. सबंध देशाचे प्रमाण शेकडा ५७ असल्यामुळे आपण बरे आहोत असे म्हणून समाधान मानता येईल. परंतु आपल्याच पाच वर्षांपूर्वीच्या स्थितीहून आपण मागे गेलो, ही गोष्ट त्यामुळे झाकली जात नाही. इस्पितळे आणि शाळा यांची वाण नसलेल्या प्रदेशात असे का व्हावे, याचे उत्तर औषधांच्या तुटवड्यात शोधण्यापेक्षा घरातील रोजच्या सवयींत शोधणे अधिक उपयोगाचे ठरेल. पाळीचे चार-पाच दिवस कसे जातील हे पुष्कळ अंशी उरलेल्या पंचवीस दिवसांत ठरत असते. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो मुख्यतः या पंचवीस दिवसांचा.

शरीरात काय घडते

गर्भधारणेच्या तयारीसाठी गर्भाशयाच्या आतील बाजूस दर महिन्याला मऊ, रक्तपूर्ण अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही तर ते अस्तर सुटून रक्तासह बाहेर पडते. हीच मासिक पाळी होय. त्या रक्तात अशुद्ध असे काही नसते. आपल्या नसांतून वाहणारेच ते रक्त असते. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचा काळ प्रौढ स्त्रीत २१ ते ३५ दिवसांचा असू शकतो. नुकतेच न्हाण आलेल्या मुलीत पहिली दोन-तीन वर्षे तो ४५ दिवसांपर्यंत लांबतो, आणि त्यात घाबरण्यासारखे नसते. रक्तस्राव दोन ते सात दिवस चालतो. म्हणून शेजारणीची पाळी बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी येते आणि आपल्या मुलीची तेहेतिसाव्या, एवढ्यावरून काही बिघडले आहे असे समजू नये.

लोहाचा जमाखर्च

एका पाळीत साधारणतः ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरहून अधिक गेले तर तो अतिस्राव समजतात. ४० मिलिलिटर म्हणजे जेमतेम पोहे खाण्याचे तीन चमचे. एवढ्याशा रक्ताने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून हा हिशेब एकदा मांडून पाहू. गणिताच्या शिक्षकांना वर्गात देण्याजोगेच हे उदाहरण आहे.

४० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे १६ मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. याखेरीज त्वचा, आतडी इत्यादींवाटे रोज सुमारे ०.८ मिलिग्रॅम लोह झिजते, म्हणजे अठ्ठावीस दिवसांत २२ मिलिग्रॅम. एकूण खर्च ३८ मिलिग्रॅम. हा खर्च अन्नातून भरून यावयाचा. परंतु ज्या आहारात मुख्यत्वे धान्ये व कडधान्ये असतात, त्यातील लोहापैकी शेकडा आठ एवढेच शरीर शोषून घेते. तेव्हा ३८ मिलिग्रॅम पदरात पडण्यासाठी महिनाभरात सुमारे ४७५, म्हणजे रोज १७ मिलिग्रॅम लोह ताटात आले पाहिजे. पाळीत ८० मिलिलिटर रक्त जात असेल तर हाच आकडा रोज २५ च्या घरात जातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली, त्यामागील तर्क आता ध्यानात येईल.

आता आपल्या ताटाकडे पाहू. तांदळात दर १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमहूनही कमी लोह असते. सकाळी पेज, दुपारी भात-हुमण, रात्री पुन्हा भात असा ज्या घरचा शिरस्ता आहे, तेथे नुसत्या भाताने हा खर्च कधीच भरून निघणार नाही. याउलट कुळथात दर १०० ग्रॅमला आठ ते नऊ मिलिग्रॅम, अळसांद्यांत सुमारे पाच आणि नाचणीत चार ते पाच मिलिग्रॅम लोह असते. कुळथाची पिठी हे गरिबाघरचे अन्न म्हणून ओशाळे होऊन मागे सारले गेले, आणि त्या जागी बेकरीचा पाव व चहा आला, ही आपल्या आहारातील मोठी उलथापालथ आहे. तिची नोंद कोठे होत नाही. नाचणीचे तसेच. पेडणे-डिचोलीच्या डोंगरउतारांवर पूर्वी नाचणी पिकत असे. आज ती दुकानातून विकत आणावी लागते, तीही बाळाच्या सत्त्वापुरती. बाळाला नाचणीचे सत्त्व आणि बाळाच्या आईला चहा-पाव, हा न्याय उफराटा आहे.

मासळीतील लोहाचे वैशिष्ट्य असे, की ते धान्यातील लोहापेक्षा कितीतरी सहज शोषले जाते, आणि त्याच घासातील भाजी-डाळीतील लोहही ते बरोबर ओढून नेते. तारले, बांगडे यांसारखी स्वस्त मासळी आणि विशेषतः तिसऱ्या या दृष्टीने उत्तम होत. ताटातील मासळीचा बरा तुकडा कोणाच्या वाट्याला येतो आणि शेवटी जेवणाऱ्या बाईला नुसते हुमण का उरते, हा प्रश्न आहारशास्त्राचा नव्हे. परंतु तो सुटल्यावाचून आहारशास्त्राचा उपयोग नाही.

शाकाहारी घरांनी एक युक्ती लक्षात ठेवावी. आंबट फळांतील क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते, आणि चहा ते फार कमी करतो. भाजीवर लिंबू पिळणे, जेवणानंतर पेरूची फोड किंवा आवळा खाणे आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा न घेणे, एवढ्याने त्याच अन्नातून अधिक लोह मिळते. काजूच्या हंगामात तर आपल्या दारात खजिनाच असतो. काजूच्या बोंडूत संत्र्याच्या चार-पाच पट क जीवनसत्त्व असते. बी काढून घेतल्यावर बोंडू भट्टीकडे जातो. त्यातील चार बोंडू शाळेतून परतणाऱ्या मुलीच्या हाती पडावेत, ताज्या नीऱ्याचा एक पेला तिला मिळावा, एवढेच सुचवावयाचे आहे.

आषाढ-श्रावणाची ओढाताण

हा जमाखर्च बाराही महिने सारखा चालत नाही. आपल्याकडे तो सर्वांत तंग होतो पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ताजी मासळी महागते किंवा मिळतच नाही. ती मिळू लागते तोच श्रावण येतो आणि अनेक घरांत चवथीपर्यंत मासळी वर्ज्य होते. सोमवार, शनिवार, हरतालिका असे उपवास याच काळात येतात. उपवास करणारी स्त्री दिवसभर चहावर राहते आणि संध्याकाळी साबुदाणा खाते. साबुदाण्यात लोह नावालाच असते. आणि हेच दिवस असतात लावणीचे. म्हणजे श्रम अधिक आणि जमा कमी.

उपवास सोडावेत असे सांगण्याचा येथे हेतू नाही. उपवासाच्या दिवशी राजगिरा, शेंगदाणे, खजूर, केळी आणि एखादे आंबट फळ घ्यावे, आणि चहा एकदाच घ्यावा, इतका बदल श्रद्धेला बाधक नाही. निसर्गानेही पावसाळ्यात भरपाई ठेवली आहे. टाकळा, ज्याला आपण तायकिळो म्हणतो, तेरे, तांबडी भाजी, शेवग्याचा पाला या भाज्या याच महिन्यांत कुंपणालगत मिळतात. शेतात अनवाणी काम केल्याने आकडेकृमी पायांच्या त्वचेतून शिरतात आणि आतड्यांत राहून रक्त शोषतात. त्यासाठी शाळा व अंगणवाड्यांतून वर्षातून दोनदा दिली जाणारी जंताची गोळी मुलींनी चुकवू नये. तसेच ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाखाली किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते. तिने मळमळते म्हणून पुष्कळ मुली ती खिडकीबाहेर टाकतात. ही गोळी उपाशीपोटी देऊ नये, माध्यान्ह आहारानंतर द्यावी, आणि शौचाचा रंग काळा झाला तर भिऊ नये असे आधीच सांगून ठेवावे. शिक्षकांनी स्वतः एक गोळी वर्गासमोर घेतली तर व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो.

पावसाळ्याची दुसरी अडचण कपड्याची. पाळीत सुती कापड वापरणे मुळीच चुकीचे नाही. ते साबणाने स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेले असेल तर पुरेसे सुरक्षित असते. परंतु आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार-चार दिवस ऊन दिसत नाही, आणि त्यात कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते कापड खाटेखाली किंवा दुसऱ्या कपड्याच्या आड वाळत घातले जाते. ते वाळत नाही, कुबट होते. असे दमट कापड वापरल्याने जांघेत खाज, बुरशी, पुरळ आणि पुढे जंतुसंसर्ग होतो. तेव्हा या चार महिन्यांत एक तर वाळलेल्या कापडावरून दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवावी, नाही तर पॅड वापरावे. २०१८ च्या जुलैपासून पॅडवरील वस्तू व सेवा कर उठला आहे, आणि २०१९ पासून जनऔषधी केंद्रांतून एका रुपयाला एक या दराने ते मिळू लागले. डिचोली तालुक्यातील मुळगाव येथे तर स्त्रियांच्या स्वयंसाहाय्य गटाने २०१५ च्या सुमारास पाइन लाकडाच्या लगद्यापासून विघटन पावणारे पॅड तयार करण्यास सुरुवात केली. कापड असो वा पॅड, चार ते सहा तासांनी ते बदललेच पाहिजे. कमी भिजले म्हणून दिवसभर तेच ठेवणे ही काटकसर अंगाशी येते. रबरासारख्या सिलिकॉनच्या कपाचाही आता प्रसार होत आहे. केरळातील कुंबळंगी पंचायतीने घरोघर असे कप वाटून जानेवारी २०२२ मध्ये आपले गाव पॅडमुक्त जाहीर केले. एक कप अनेक वर्षे टिकतो, मात्र तो बारा तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि प्रत्येक पाळीनंतर उकळून घ्यावा.

वापरलेले पॅड शौचकूपात टाकू नये, चुलीत जाळू नये, शापोऱ्याच्या पाण्यात तर नाहीच नाही. त्यातील प्लास्टिक जळताना विषारी धूर होतो. कागदात गुंडाळून वेगळे द्यावे, असा दंडक २०१६ च्या घनकचरा नियमांनीच घातला. पुण्यातील 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची साधी रीत सुरू केली, म्हणजे ती पुडी उघडून पाहण्याची पाळी कोणा स्त्रीवर येत नाही. आपल्या पंचायतींना ही रीत विनाखर्च उचलता येईल.

चवथ आणि गोळ्या

चवथ, जत्रा किंवा घरातील लग्न पाळीच्या तारखेला येणार असे दिसले, की औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात. कधी सासू आणून देते, कधी मुलगी परस्पर आणते. या गोळ्या म्हणजे एक संप्रेरक होय. डॉक्टरांच्या सल्ल्याने क्वचित घेण्यास हरकत नसते. परंतु जिला पायाच्या नसेत रक्ताची गुठळी झालेली आहे, यकृताचा विकार आहे, अर्धशिशीचा तीव्र त्रास आहे किंवा गर्भ राहिल्याची शंका आहे, तिने त्या घेणे धोक्याचे आहे. हा निर्णय दुकानदाराने करावयाचा नसतो. घरातील वडीलधाऱ्यांनी "या वर्षी माटोळी दुसऱ्या कोणी बांधली तरी चालेल" असे एक वाक्य उच्चारले, तर बहुतेक गोळ्यांची गरजच पडणार नाही.

'बाहेर' बसण्याविषयी येथेच बोललेले बरे. त्या निमित्ताने चार दिवस विसावा मिळत असे, असे त्या चालीचे समर्थन कित्येकजण करतात. विसाव्याची गरज खरी आहे. परंतु वेगळे बसवलेली स्त्री चूल सोडून शेतातील, गोठ्यातील कामे करतच असे, तेव्हा विसावा किती आणि अंतर किती हा प्रश्न उरतोच. ज्या पेडणे-डिचोलीत वारुळाच्या रूपाने सातेरीची, म्हणजे भूमीच्या प्रसवशक्तीची पूजा होते, तेथेच स्त्रीच्या त्याच शक्तीची खूण विटाळ ठरावी, हे कोडे प्रस्तुत लेखकाला सुटलेले नाही.

वेदना, व्यायाम आणि झोप

पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ओटीपोटात कळा येतात, कारण अस्तर बाहेर ढकलण्यासाठी गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो. गरम पाण्याच्या पिशवीने तो सैल पडतो. जी मुलगी एरवी नियमितपणे चालते, धावते, योगासने करते, तिला या कळा कमी होतात असे अभ्यासांत दिसून आले आहे. तेव्हा व्यायाम महिनाभर करावयाचा असतो, पाळीतही तो वर्ज्य नाही. वेदना सोसवत नसतील तर वेदनाशामक गोळी घेण्यात कमीपणा नाही. मात्र ती डॉक्टरांना विचारून, खाल्ल्यावर घ्यावी. दर महिन्याला शाळा बुडावी इतक्या वेदना होत असतील तर "लग्न झाले की जाईल" असे म्हणून गप्प बसवू नये. त्यामागे गर्भाशयाचे अस्तर भलत्या जागी वाढण्याचा विकार असू शकतो, आणि तो ओळखण्यात वर्षे वाया जातात.

पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने न येणे, त्याबरोबर वजन वाढणे, हनुवटीवर केस येणे ही तक्रार तरुण मुलींत आता वारंवार आढळते. बीजकोशाच्या या विकारात औषधाइतकाच उपयोग दिनचर्येचा होतो. वजन शेकडा पाच ते दहा कमी झाले तरी पुष्कळ मुलींची पाळी पुन्हा सुरळीत होते. रात्री उशिरापर्यंत मोबाईल, सकाळी न खाता धावपळ आणि संध्याकाळी तळलेले पदार्थ हा क्रम त्यासाठी मोडावा लागतो, आणि तो एकट्या मुलीने मोडता येत नाही; घराचे जेवण्याचे तास बदलावे लागतात.

वसाहतीतील कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची एक सवय चिंताजनक आहे. पाळीच्या दिवसांत वारंवार उठावे लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. त्याने लघवीची जळजळ व संसर्ग पाठीस लागतो. स्त्री कामगारांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि धुण्याची सोय ही अट १९४८ च्या कारखाना कायद्यानेच घातली होती. तेथे पाणी, साबण, कडी असलेले दार आणि झाकणाची बादली आहे काय, हे व्यवस्थापकांनी स्वतः जाऊन पाहावे. शाळांच्या मुख्याध्यापकांसाठीही हीच चार वस्तूंची यादी पुरेशी आहे. वर्गात हा विषय शिकवताना 'ते', 'तसले', 'अडचण' अशा आडवळणाच्या शब्दांऐवजी 'मासिक पाळी' हाच शब्द वापरावा आणि मुलांनाही तो ऐकू द्यावा. मराठीत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून १९२७ पासून शरीराविषयी उघड लिहिले. त्याला आता शंभर वर्षे होत आली.

वाट पाहू नये अशा वेळा

अतिस्रावाकडे दुर्लक्ष केले म्हणजे गोष्टी कोणत्या थराला जातात याचे उदाहरण महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोडणीला जाणाऱ्या तेथील स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जातात असे उघडकीस आल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, त्यात ऐन तिशीतल्याही होत्या. पाण्याची व शौचालयाची सोय नाही, एक दिवस खाडा झाला तर मजुरी कापली जाते, आणि साध्या संसर्गावर वेळीच उपचार नाहीत. मग "पिशवीच काढून टाका" हा सल्ला सोयीचा वाटतो. आपली परिस्थिती तशी नाही. परंतु चाळिशीनंतर अंगावर जास्त जाऊ लागले, की "आता जायची वेळ आली, असेच व्हायचे" असे म्हणून चार-चार वर्षे ते सोसणाऱ्या स्त्रिया आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत. अतिस्रावाची कारणे बहुधा गाठी, थायरॉईडचा विकार किंवा संप्रेरकांचा असमतोल ही असतात आणि त्यांतील बहुतेकांवर औषधाने उपाय होतो. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला तर म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत अवश्य घ्यावे.

दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, रक्तस्राव आठ दिवसांहून अधिक चालत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर वाट पाहू नये. पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर त्याच आठवड्यात दाखवावे. ते थेंबभर असले तरी. मुलीला पंधरा वर्षे पूर्ण होऊनही न्हाण आले नसेल तर तिलाही दाखवावे. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी इस्पितळात होते. ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय आहे आणि ८ च्या खाली असेल तर तो तीव्र आहे असे समजावे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर महिन्याभरात बरे वाटू लागते आणि नेमक्या त्याच वेळी त्या बंद केल्या जातात. हिमोग्लोबिन पूर्वपदावर आल्यानंतरही, शरीरातील साठा भरून येण्यासाठी, त्या आणखी सुमारे तीन महिने घ्याव्या लागतात.

डॉक्टरांकडे जाताना भिंतीवरील दिनदर्शिकेची मागची तीन पाने बरोबर न्यावीत. दुधाचा हिशेब आपण ज्या चौकोनांत लिहितो, त्यातच पाळी आलेल्या प्रत्येक दिवशी एक बारीक फुली मारून ठेवलेली असावी, आणि त्या दिवशी किती वेळा कापड किंवा पॅड बदलले तो आकडा शेजारी असावा. शेवटची पाळी कधी आली, किती दिवस चालली आणि किती गेले, हेच तीन प्रश्न तेथे आधी विचारले जातात.